सव्वा मिलिमीटरचा खड्डा

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बाबनराव पौनीकरांनी आईच्या हातमागाच्या पट्टीवर मशीनचा रंधा टेकवला. अकरा वाजून बारा मिनिटांनी पट्टीच्या उजव्या टोकाशी सव्वा मिलिमीटर खोल खड्डा होता, उरलेल्या लांबीवर बोटाला लागतील अशा लाटा होत्या, आणि सक्करदऱ्यातल्या त्या घराच्या गच्चीवर सगळीकडे सागवानाचा भुसा होता.

खड्ड्याचं माप बाबनरावांनी स्वतःच घेतलं. वीजकेंद्रात त्यांनी तेहतीस वर्षं फिटरचं काम केलं होतं, आणि मापाच्या बाबतीत ते कोणालाच सूट देत नसत, स्वतःलाही नाही.

ही पट्टी मागाच्या फणीखाली बसते. धोटा या काठाकडून त्या काठाला तिच्यावरूनच धावतो आणि ताण्याचे, म्हणजे उभे, खालचे धागे तिच्यावर टेकलेले असतात. ती गुळगुळीत असेल तर कोणाचं तिच्याकडे लक्षही जात नाही. नसेल तर धागा तुटतो. पौनीकरांची पट्टी पाच फूट लांब, सागवानाची आणि साठ वर्षं वापरलेली. गेल्या महिन्यात तिच्या मधोमध लाकडाचा तंतू उचलला गेला आणि टसर रेशमाचे धागे तटातट तुटायला लागले.

"धोंडबाले बोलाव कन्हानहून," मैनाबाई म्हणाल्या होत्या. "तो हातानं साफ करून देईन."

"दोन मिनिटांच्या कामाले कन्हानचा माणूस कायले, माय?" बाबनराव म्हणाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सात मशीनं बसवली होती, आणि घरात त्यांच्या जोगं काम फारसं निघत नव्हतं. काम दोन मिनिटांतच झालं, हे मान्य करावं लागेल.

एरवी हा प्रकार हसण्यावारी गेला असता. पण मागावर करवतीच्या दातांसारख्या काठाची करवतकाठी साडी चढलेली होती आणि तिचा दीड हात विणायचा राहिला होता. मैनाबाई एक्याऐंशी वर्षांच्या. दिवसाला एक वीत विणून व्हायची, म्हणजे तीन दिवसांचं काम. पुढच्या गुरुवारी त्यांची नणंद सिंधूताई उमरेडहून येणार होती. मागच्या हिवाळ्यात एका लग्नाच्या पंगतीत, अकरा बायांच्या देखत, ही सिंधूताई म्हणाली होती, "मैनाच्या मागावर आता चादरी वाळत असन." मैनाबाईंनी बुंदी संपवली, घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी ताणा लावायला घेतला. चार महिने त्या मागच्या खोलीत बसून विणत होत्या. सोमवारपर्यंत माग सुरू झाला नाही, तर गुरुवारी सिंधूताईला अर्धवट साडी आणि बंद माग दिसणार होता.

"दुरुस्त होते माय," बाबनराव म्हणाले.

मैनाबाईंनी पट्टीवर टसरचा एक धागा ठेवला आणि हळूच ओढला. धागा पहिल्याच लाटेत अडकला. त्यांनी तो तोंडासमोर धरला, त्यावर उठलेली लव पाहिली आणि खाली निघून गेल्या.

"बोलल्या असत्या तर बरं झालं असतं," बाबनरावांची बायको पुष्पलता म्हणाली. "आता संध्याकाळपर्यंत भांडीच वाजन."

बाबनरावांनी हिशेब मांडला. पट्टीला खालून खोबण होती. वरून दोन मिलिमीटरपेक्षा जास्त लाकूड गेलं तर ती खोबण उघडी पडणार. खड्डा सव्वाचा. म्हणजे पूर्ण पट्टी सव्वा मिलिमीटरनं उतरवायची आणि चुकायला फक्त पाऊण मिलिमीटर. घासायचं मशीन वापरावं तर काचकागदाचे कण लाकडात रुतून बसतात आणि टसर पुन्हा तुटतं. मशीनच्या रंध्याचं तर नावच नको. राहिला हातरंधा. बाबनरावांच्या सात मशीनांत तो नव्हता.

गुरुवारी दुपारी ते इतवारीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेले. सासऱ्यांमागून दुकान सून हर्षा चालवत होती. तिनं काउंटरवर पाच लोखंडी रंधे मांडले. बाबनरावांनी खिशातून एक पोलादी पट्टी आणि पातळ पत्र्यांचा जुडगा काढला, एक रंधा उलटा केला, तळावर पोलादी पट्टी ठेवली आणि खालच्या फटीत एकेक पत्रा घालून पाहू लागले.

"काय करून राहिले काका?"

"तळ पाहून राहिलो. दोन दशांशची फट आहे इथं."

"दोन दशांश म्हणजे किती?"

"केसाच्या दोन-तीन पट."

हर्षानं दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे पाहिलं. गिऱ्हाईकानं कड्या-कोयंडे खाली ठेवले आणि तोही पाहू लागला.

दुसऱ्याच्या तळाला पीळ होता. तिसऱ्याचं पातं बसायची जागा ओबडधोबड होती, पातं तिच्यावर डुगडुगत होतं. चौथ्याच्या मुठीवर बाबनरावांनी हात ठेवला आणि ती मूठ त्यांच्या हातात आली.

"ते फिट करायची राहिली असन," हर्षा म्हणाली.

"बाई, मूठ निघते तो रंधा मी घरी नेऊ?"

"काका, एवढं पाहून तर लोक जावई करत नाही."

"जावई परत करता येते," बाबनराव म्हणाले. "लाकूड परत येत नाही."

पाचवा रंधा जड होता. तळात फट फक्त तीन शतांश. पातं जागेवर घट्ट, मागचा स्क्रू कुठंही न अडखळता फिरणारा, तोंडाची फट कमीजास्त करता येणारी. बाबनरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा एकदा मोजलं. दुकानात येऊन पावणेदोन तास झाले होते. कड्या-कोयंड्यांचं गिऱ्हाईक काहीही न घेता तिथंच थांबलं होतं, आणि पाचवा रंधा पास झाला तेव्हा त्यानंच टाळी वाजवली.

"धार लावून घ्यान बरं," हर्षा पिशवी देताना म्हणाली.

"नवा आहे न?"

"नवाच म्हणून म्हणून राहिली. कंपनीतून येते ते नुसतं पातं असते. धार ज्याची त्यानं लावायची."

ही माहिती बाबनरावांना नवीन होती. मशीनची पाती बोथट झाली की ते टाकून द्यायचे आणि नवी बसवायचे. धार लावणं हे स्वयंपाकघराचं खातं, असा त्यांचा एकसष्ट वर्षांचा समज होता. पण समज सुधारायला त्यांची हरकत नव्हती. शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता त्यांनी रंध्याचं पातं काढलं आणि धार लावायला गच्चीवरच्या, विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या घासायच्या चाकावर धरलं.

ठिणग्या छान उडाल्या. मग पात्याचं टोक पिवळं पडलं, मग जांभळं आणि मग निळं.

पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं आणि ते नरम होतं, हे बाबनरावांना कोणी शिकवायची गरज नव्हती. वीजकेंद्रात त्यांनी हेच इतरांना शिकवलं होतं. ते शांतपणे मशीन बंद करून स्टुलावर बसले. तरीही, न जाणो, म्हणून त्यांनी सागवानाच्या एका तुकड्यावर रंधा चालवून पाहिला. दहा वेळा त्यानं कापलं. अकराव्यांदा तो लाकडावरून नुसताच घसरला.

पुष्पलता चहा घेऊन वर आली. तिनं पात्याकडे पाहिलं.

"हे निळं मुद्दाम केलं का जी?"

"नाही."

"मंग चांगलं नसन." तिनं कप ठेवला. "आई खाली तयार होऊन बसल्या आहे. पातळ बदललं, पिशवी घेतली. म्हणते, बाबनचं झालं असन तर कन्हानले जाऊ."

कन्हानला नदीच्या बाजूच्या वस्तीत धोंडबा रामटेके राहत. वय अठ्ठ्याहत्तर. बाबनरावांचे वडील असताना मागाची सगळी लाकडी दुरुस्ती तेच करत. गाडी थांबली तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"जय भीम, काका."

"जय भीम, जय भीम. मैनावयनी, तुम्ही! या. काय मोडलं?"

"मोडलं नाही, भाऊ," मैनाबाई म्हणाल्या. "पोरानं सुधरवलं."

धोंडबांनी पट्टी मांडीवर घेतली, खड्ड्यावरून अंगठा फिरवला आणि बाबनरावांकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाकडे पाहतो.

"मशीन कोणतं आहे?"

बाबनरावांनी सांगितलं.

"बॅटरीवालं का वायरवालं?"

"वायरवालं."

"किती चक्कर मारते मिनटाले?"

"सोळा हजार."

"अरे बापरे," धोंडबा म्हणाले. त्यांच्या आवाजात निंदा नव्हती. बाबनरावांना ते समजायला थोडा वेळ लागला, कारण ते बोलणी खायच्या तयारीनं आले होते. "मले तेच पाहिजे, गा. दोन वर्षं झाले सांगून राहिलो घरच्यायले. आता कोणी सागवान आणत नाही, सगळे दरवाजे फुगलेले. दाराची खालची कड काढता काढता खांदा जाते माहा. आणलं का सोबत?"

"काका, मी तर ते सोडून हातरंध्यावर येऊन राहिलो."

"आणि मी हातरंधा सोडून राहिलो. मंग काहून भांडायचं?"

त्यांनी आतून तीन रंधे आणून चटईवर ठेवले. पहिला छोटा, लोखंडी, चकचकीत. दुसरा मधल्या मापाचा. तिसरा दीड हात लांब, शिसमाचा, काळाकुट्ट. त्याच्या तोंडाशी दुसऱ्या लाकडाचं ठिगळ होतं आणि मागची कड ठोकून ठोकून मशरूमसारखी फुलली होती.

बाबनरावांनी खिशातून पोलादी पट्टी काढली. मैनाबाईंनी पदराआडून टसरची कांडी काढली.

लोखंडी रंधा बाबनरावांच्या तपासणीत पहिला आला. शिसमाचा शेवटचा. "काका, याच्या तळात पोकळी आहे. मागच्या बाजूला चार दशांश."

"माह्या पाठीतही आहे. काम होते न?"

"पण तळ सरळ नसन तर लाकूड सरळ कसं येईन?"

"पोकळी कुठं आहे? मांगं. तोंडासमोर आहे का?"

बाबनरावांनी पुन्हा मोजलं. तोंडाच्या पुढेमागे पत्रा कुठंच शिरत नव्हता. ठिगळ होतं नेमकं तिथंच तळ सर्वांत सरळ होता.

"जिथं कापते तिथं लाकूड दाबून धरलं पाहिजे, बस," धोंडबा म्हणाले. "झिजते म्हणून तर ठिगळ लावलं. आणि लांब पाहिजे. बुटका रंधा खड्ड्यात उतरते अन् तुह्यासंगं खड्डाच साफ करते. लांब रंधा टेकाडाटेकाडानं जाते, खड्ड्याले हातच लावत नाही. टेकाडं संपले की खड्डा आपोआप संपला."

त्यांनी सागवानाचा एक तुकडा ओट्याला अडकवला आणि तिन्ही रंध्यांनी तीन पट्टे साफ केले. मग मैनाबाई पुढे सरकल्या. त्यांनी प्रत्येक पट्ट्यावर धागा ठेवून ओढला. पहिल्यावर धागा किंचित थबकला. दुसऱ्यावरून गेला, पण उजेडात धरल्यावर त्यावर बारीक लव दिसली. तिसऱ्यावरून तो असा गेला की ओढणाऱ्या हातालाही कळलं नाही.

"हा," मैनाबाई म्हणाल्या आणि काळा रंधा लहान मुलासारखा मांडीवर घेतला.

"माय, मी अजून पात्याची कड..."

"तू रंधा मोजून राहिला, बाबन. मले लाकूड पाहिजे."

सौदा ठरला. गुरुवारपर्यंत काळा रंधा सक्करदऱ्याला आणि बाबनरावांचं मशीन कन्हानला. निघताना धोंडबांनी सांगितलं, पातं लावलेलं आहे, कागदापेक्षा पातळ ढलपी निघते, त्याला हात लावायचा नाही. फक्त तळाला रोज तेलाचं बोट फिरवायचं. संध्याकाळी बाबनराव मशीन पोहोचवून परत आले आणि रंध्याच्या तळाला तेल लावून तो मागाच्या खोलीत ठेवला.

शनिवारी सकाळी सात वाजता पुष्पलतानं त्यांना उठवलं. "खाली चला. आईनं रंध्याले आंघोळ घातली."

टसरच्या घरात तेल! मैनाबाईंना हे सहन होण्यासारखं नव्हतं. तेलाचं बोट एकदा टसरला लागलं की डाग जन्मभर जात नाही. त्यांनी पहाटे उठून रंधा गरम पाण्याच्या फडक्यानं पुसला. मग, लाकूड पुन्हा गुळगुळीत व्हावं म्हणून, साठ वर्षं ताण्याला लावत आल्या तशी तांदळाची पातळ खळ त्याला लावली. सगळीकडून. तळाला, तोंडाला, आणि जिथं पातं पाचरीनं आवळलेलं असतं तिथंही. मग ब्रशनं घोटली आणि पंख्याखाली वाळवली.

रंधा चमकत होता. बाबनरावांनी पाचर हलवून पाहिली. हलली नाही. त्यांनी मागून हलकेच ठोकलं. मग जरा जोरानं ठोकलं. लाकूड पाण्यानं फुगलं होतं, खळ त्यात मुरून वाळली होती. पातं, पाचर आणि रंधा आता एकच वस्तू होती.

"माय, हे आता निघत नाही."

"काढायचं कायले?"

"धार लावा लागते. पातं कमीजास्त करा लागते."

"भाऊनं काय सांगितलं? हात लावू नको म्हणे. आता लागतच नाही तुहा हात."

बाबनराव हातोडी घेऊन अर्धा तास विचार करत बसले. परक्याचा पन्नास वर्षांचा रंधा, त्यात आईची खळ आणि गुरुवारी परत द्यायचा. धोंडबाकाकांना काय सांगायचं, याची त्यांनी तीन वाक्यं तयार केली आणि तिन्ही नापास केली. दहाच्या सुमारास, दुसरं काही करण्यासारखं नाही हे पटल्यावर, त्यांनी गच्चीवरच्या खोलीत पट्टी कामाच्या ओट्याला आवळली आणि रंधा चालवला.

पहिली ढलपी चार बोटं लांब निघाली. टेकाडापुरतीच. तिच्यातून खिडकीचे गज दिसत होते. त्यांनी तिची जाडी मोजली. तीन शतांश.

म्हणजे सव्वा मिलिमीटरला निदान बेचाळीस वेळा. त्याआधी लाटा. बाबनरावांचा हात सवयीनं पात्याकडे गेला, जरासं खाली घ्यावं, काम लवकर होईल. पातं हललं नाही. त्यांनी पुन्हा चालवलं. शनिवारभर हा हात जात राहिला आणि पातं हलत नव्हतं. मशीनवर ते दर पाच मिनिटांनी काहीतरी फिरवत, आवळत, बदलत असत. इथं फिरवायला काहीच नव्हतं. रविवारी दुपारपर्यंत हात जायचा थांबला. खाली पुष्पलताला फक्त सर्र, सर्र असा आवाज येत होता. दोनदा ती काय झालं म्हणून वर येऊन गेली, कारण नवरा घरात असताना एवढी शांतता तिनं पूर्वी ऐकली नव्हती.

खड्डा रोज आखडत गेला. रविवारी संध्याकाळी वीतभर, सोमवारी सकाळी बोटभर. पात्याची धार मात्र जात चालली होती. शेवटच्या काही ढलप्या तुकड्यातुकड्यांनी निघाल्या. धार लावायची तर पातं काढावं लागणार, आणि पातं निघत नव्हतं. सोमवारी दीड वाजता पट्टीच्या उजव्या टोकाशी नखाएवढी सावली उरली होती. बाबनरावांनी श्वास धरून आणखी दोनदा रंधा चालवला आणि थांबले. मोजलं. एक पूर्णांक दोन दशांश उतरलं होतं. खोबण शाबूत होती.

मैनाबाईंनी धागा ठेवला. ओढला. उजेडात धरला. पुन्हा ठेवला, आता नखाएवढ्या सावलीवरून.

"बसव," त्या म्हणाल्या.

सोमवारी चार वाजता माग सुरू झाला. मंगळवारी वीतभर झालं. बुधवारी दुपारी तासभर वीज गेली, मैनाबाईंना खिडकीच्या उजेडात काठाचे दात नीट दिसेनात म्हणून थांबावं लागलं. बुधवारी संध्याकाळी बाबनरावांनी मन घट्ट करून कन्हानला फोन लावला.

"काका, तुमच्या रंध्याबद्दल जरा..."

"रंधा राहू दे, गा!" पलीकडून धोंडबा ओरडले. मागे मशीन चालू होतं. "मले अजून आठ दिवस लागते हे. पूर्ण गल्लीचे दरवाजे काढून आणले माह्यापाशी. रंधा ठीक आहे न?"

"एकदम... घट्ट आहे," बाबनराव म्हणाले.

गुरुवारी सकाळी नऊला सिंधूताईचा फोन आला की ती उमरेडहून बसमध्ये बसली. तेव्हा साडीची तीन बोटं बाकी होती. बोटाला अर्धा तास धरला तर साडेदहा. बस सव्वादहाला सक्करदऱ्यात पोहोचणार.

"पंधरा मिनटं," मैनाबाई धोट्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "जा. आण तिले. पण आणू नको."

दहा वाजून सतरा मिनिटांनी सिंधूताई बसमधून उतरल्या. एकोणऐंशी वर्षं, हातात दोन पिशव्या, चाल बाबनरावांपेक्षा जलद.

"आत्या, आधी चहा घेऊ इथं."

"चहा उमरेडले घेऊन निघाली मी. रिक्षा कर."

"उसाचा रस?"

"काहून रे, घरी काय लपवून राहिला?" सिंधूताईंनी पिशव्या खाली ठेवल्या आणि भाच्याचा चेहरा निरखला. "रिटायर झाला म्हणे. काय करते दिवसभर?"

बाबनरावांना खोटं बोलायची सवय नव्हती, पण खरं सविस्तर सांगायची होती. "आत्या," ते म्हणाले, "चांगला रंधा कसा निवडतात, तुले माहीत आहे का?" आणि त्यांनी तळ, तोंड, पोकळी, पातं, पोलादाचा निळा रंग, असं क्रमानं सांगायला सुरुवात केली. सिंधूताईंनी चार मिनिटं ऐकलं. मग स्वतःच हात करून रिक्षा थांबवली, पिशव्या आत टाकल्या आणि बसल्या.

"बस बाजूले," त्या म्हणाल्या. "बाकीचं रस्त्यात सांग."

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी रिक्षा घराच्या गल्लीत वळली. तेवढ्यात बाबनरावांच्या फोनवर पुष्पलताचा निरोप आला. धोटा चालू आहे, उजव्या काठाशी एक धागा तुटला, आई जोडून राहिल्या, पाऊण बोट बाकी. म्हणजे सिंधूताईंना अर्धवट साडी दिसणार होती, पण चालू मागावर.